एआय एजंटसाठीच्या ‘लिस्ट’ टूलचे डॉक्युमेंटेशन कसे लिहावे

सॉफ्टवेअर डिलिव्हरीच्या प्लॅटफॉर्मवर पाइपलाइन (कोड तयार करून तैनात करण्याच्या पायऱ्यांची साखळी), सर्व्हिस, एन्व्हायर्नमेंट, कनेक्टर (बाहेरच्या यंत्रणेशी जोडणी), सिक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती), ट्रिगर आणि प्रत्येक रनची, म्हणजे पाइपलाइनच्या एकेका फेरीची, नोंद अशा अनेक गोष्टी साठवलेल्या असतात. त्या सगळ्यांना मिळून रिसोर्स म्हणतात. एआय एजंटला, म्हणजे भाषा-मॉडेलच्या आधारे स्वतः पायऱ्या ठरवून काम करणाऱ्या प्रोग्रामला, या प्लॅटफॉर्मवर काम करू द्यायचे असेल, तर त्याच्या हाती दिलेल्या टूल्सपैकी (टूल म्हणजे एजंटला बोलावता येणारी एक ठरावीक क्रिया) रिसोर्सची यादी देणारे टूल बहुधा सर्वांत आधी वापरले जाते. कुणी ‘कालचे डिप्लॉयमेंट का अडकले’ असे विचारले, तर एजंटला आधी पाइपलाइन, मग तिचा नेमका रन, मग त्या रनमधली फसलेली पायरी असे शोधत जावे लागते, आणि या शोधाचे पहिले दोन टप्पे यादीवरच अवलंबून असतात.

हे टूल दिसायला इतके साधे असते की त्याचे डॉक्युमेंटेशन ‘रिसोर्सची यादी देते’ एवढ्या एका वाक्यात उरकण्याचा मोह होतो. पण त्या प्रोजेक्टवर रोज काम करणारा माणूस अपुरी यादी पाहताच थबकतो, कारण आत काय काय असायला हवे याची त्याला कल्पना असते. एजंटला ती कल्पना नसते. समोर आलेली यादी तो पूर्ण धरून चालतो आणि तिच्या आधारावर ठाम भाषेत उत्तर देतो. म्हणून यादीत काय येते हे लिहिताना काय येत नाही, आणि ते कोणत्या कारणाने येत नाही, हे लिहिण्यालाच माझ्या मते या कामात अधिक महत्त्व आहे. पुढच्या पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

एक सूचना आधीच करून ठेवतो. या लेखात पॅरामीटरची आणि फील्डची नावे देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ती कोडमध्ये जशी आहेत तशीच, अक्षर न बदलता लिहावीत.

पहिली पायरी: मजकूर कुठे वाचला जातो ते समजून घ्या

एजंट आणि टूल यांना जोडण्यासाठी सध्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. अँथ्रॉपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला आणि त्यातला संवाद जेसन-आरपीसी २.० या पद्धतीने होतो. क्लायंट (एजंटच्या बाजूचा प्रोग्राम) सर्व्हरला (टूल्स पुरवणाऱ्या प्रोग्रामला) त्याच्याकडे असलेल्या टूल्सची माहिती विचारतो, आणि सर्व्हर प्रत्येक टूलचे नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा, म्हणजे कोणते पॅरामीटर कोणत्या स्वरूपात द्यायचे याची रचना, पाठवतो. मॉडेलला टूलबद्दल जे कळते ते एवढ्यावरूनच. तुम्ही संकेतस्थळावर कितीही सविस्तर पान लिहिले, तरी ते कुणी मुद्दाम मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे उत्तर देताना त्याच्यासमोर असलेल्या मजकुरात, आणून ठेवल्याशिवाय एजंटच्या वाचनात येत नाही.

याचा अर्थ तुम्हाला दोन मजकूर लिहायचे आहेत. एक म्हणजे टूलच्या वर्णनात आणि पॅरामीटरच्या वर्णनांत जाणारा छोटा मजकूर, जो एजंट वाचतो. दुसरा म्हणजे सर्व्हर बसवणाऱ्या, परवानग्या देणाऱ्या आणि काही बिघडल्यास कारण शोधणाऱ्या माणसांसाठीचे पान. पहिला मजकूर प्रत्येक संभाषणात मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये जागा अडवतो, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक वाक्याने स्वतःची जागा कमावली पाहिजे. ज्या माहितीअभावी एजंट चुकीची कॉल करेल किंवा चुकीचे उत्तर देईल ती पहिल्या मजकुरात ठेवावी, आणि बाकीची दुसऱ्यात. ही वाटणी लिहायला बसण्याआधीच झाली पाहिजे, नाहीतर दोन्हीकडे तोच मजकूर चिकटवला जातो आणि तो दोघांच्याही उपयोगाचा राहत नाही.

नवख्या लेखकाचा एक हमखास गोंधळ इथेच दूर करून घेऊ. एमसीपीमध्ये ‘रिसोर्स’ नावाची स्वतःची एक संकल्पना आहे: सर्व्हर क्लायंटला वाचायला देत असलेली फाइल किंवा तत्सम मजकूर. त्यांची यादी मागण्याची प्रोटोकॉलची स्वतःची वेगळी पद्धतही आहे. तुमच्या प्लॅटफॉर्मवरच्या पाइपलाइन आणि सर्व्हिस यांनाही तुम्ही रिसोर्स म्हणत असाल, तर मानवी वाचकासाठीच्या पानाच्या सुरुवातीलाच हा फरक स्पष्ट करावा.

दुसरी पायरी: लिहिण्याआधी टूल चालवून पाहा

एपीआयचे (इतर प्रोग्रामना प्लॅटफॉर्मशी बोलण्यासाठी दिलेल्या मार्गाचे) वर्णन करणारी ओपनएपीआय फाइल किंवा कोडमधल्या टिप्पण्या वाचून लिहायला सुरुवात करू नये. त्या उपयोगी असतात, पण टूल एपीआयच्या वर एक थर असतो आणि तो थर काही फील्ड गाळतो, काही पॅरामीटरना स्वतःच्या किमती (व्हॅल्यू) देतो, काही एरर स्वतःच्या शब्दांत सांगतो. निदान तीन परिस्थितींत टूल चालवून आलेले कच्चे उत्तर जपून ठेवावे: सर्व परवानग्या असलेल्या खात्याने, मोजक्याच परवानग्या असलेल्या खात्याने, आणि ज्यात अजून काहीच तयार केलेले नाही अशा प्रोजेक्टवर. पहिल्या उत्तरावरून फील्डची माहिती मिळते. खरा मजकूर मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरांच्या तुलनेतून तयार होतो. ती दोन उत्तरे हुबेहूब सारखी दिसत असतील, म्हणजे दोन्हीकडे नुसती रिकामी यादी येत असेल, तर तुमच्या डॉक्युमेंटेशनमधला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद कोणता असणार हे तुम्हाला कळले. शिवाय डेव्हलपरकडे नेण्यासारखी एक तक्रारही हाती आली. काही उणिवा लिहून झाकण्यापेक्षा कोडमध्ये दुरुस्त झालेल्या बऱ्या.

तिसरी पायरी: टूलचे वर्णन लिहा

काही सर्व्हर प्रत्येक रिसोर्ससाठी स्वतंत्र टूल देतात: पाइपलाइनच्या यादीचे एक, सर्व्हिसच्या यादीचे दुसरे, असे करत टूल्सची संख्या सहज काही डझनांवर जाते. एवढी वर्णने कॉन्टेक्स्ट भरून टाकतात आणि सारख्या नावांच्या टूल्समधून निवड करताना मॉडेलही चुकते. म्हणून अलीकडे यादीसाठी एकच सामान्य टूल ठेवून रिसोर्सचा प्रकार पॅरामीटर म्हणून घेण्याकडे कल आहे. ही रचना मला अधिक बरी वाटते, पण तिच्यात डॉक्युमेंटेशनवरचा भार वाढतो, कारण टूलच्या नावावरून जे आपोआप कळत होते ते आता शब्दांत सांगावे लागते.

वर्णनाचा एक नमुना असा असू शकतो: ‘दिलेल्या प्रकारच्या रिसोर्सची यादी, एका वेळी एक पान, देते. एखाद्या रिसोर्सचा आयडी माहीत नसेल तेव्हा वापरा. आयडी माहीत असेल तर तपशिलासाठी गेट टूल वापरा. फक्त दिलेल्या प्रोजेक्टमधले आणि वापरकर्त्याला पाहण्याची परवानगी असलेलेच रिसोर्स येतात. पुढच्या पानाचा टोकन आला असेल तर यादी अपुरी आहे. काहीही बदलत नाही.’ या सहा वाक्यांत (टोकन म्हणजे पुढचे पान मागताना परत द्यायची खूण, ती सहाव्या पायरीत येते) टूल काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, काय वगळले जाते, अपुरेपणा कसा ओळखावा आणि टूल निर्धोक आहे का, एवढे सगळे आले आहे. यात ‘शक्तिशाली’, ‘सहज’, ‘सर्वसमावेशक’ अशी विशेषणे नाहीत, आणि त्यांतले शेवटचे तर घातकच आहे, कारण मॉडेल ते शब्दशः घेते.

केव्हा वापरू नये हे वाक्य बरेच लेखक विसरतात. यादी, शोध आणि तपशील अशी तीन टूल्स शेजारी असतील आणि त्यांच्यातल्या सीमा कुठेच लिहिलेल्या नसतील, तर आयडी हातात असतानाही एजंट आधी यादी मागवतो, पाने उलटत बसतो आणि कॉन्टेक्स्ट वाया घालवतो.

चौथी पायरी: स्तर आणि प्रकार यांचा तक्ता करा

बहुतेक प्लॅटफॉर्मवर रिसोर्स उतरत्या स्तरांत राहतात: वर अकाउंट, त्याखाली ऑर्गनायझेशन, त्याखाली प्रोजेक्ट. काही प्रकार तिन्ही स्तरांवर असू शकतात, काही एकाच. एखादा कनेक्टर अकाउंटवर तयार केलेला असेल आणि एजंटने प्रोजेक्टच्या स्तरावर यादी मागितली, तर तो त्या यादीत येईल का? वरच्या स्तरावरचे रिसोर्स खालच्या यादीत मिसळले जातात की नाही, हे प्रत्येक प्लॅटफॉर्म आपापल्या पद्धतीने ठरवतो, आणि माझ्या पाहण्यात रिकाम्या यादीचे सर्वांत वारंवार येणारे कारण हेच असते.

या बाबतीत कुबरनेटिसची (कंटेनर चालवणाऱ्या एका प्रणालीची) पद्धत अनुकरणीय आहे. तिथे काही रिसोर्स नेमस्पेसमध्ये, म्हणजे क्लस्टरमधल्या एका वेगळ्या कप्प्यात, राहतात, उदाहरणार्थ पॉड. तर नोड किंवा पर्सिस्टंट व्हॉल्यूमसारखे काही संपूर्ण क्लस्टरचे असतात. क्युबसीटीएल या कुबरनेटिसच्या कमांड-लाइन साधनात रिसोर्सचे सर्व प्रकार दाखवणारी एक कमांड आहे आणि तिच्या तक्त्यात प्रत्येक प्रकार नेमस्पेसमधला आहे की नाही याचा स्वतंत्र रकाना आहे. तुमच्या पानावरही असाच तक्ता हवा: प्रकाराचे नेमके नाव, तो कोणत्या स्तरांवर मिळतो, कोणते फिल्टर लागू होतात, आणि पालक रिसोर्सचा आयडी द्यावा लागतो का. स्तर दिलाच नाही तर काय होते, हेही तक्त्याखाली लिहावे. टूल सर्व्हरच्या सेटिंगमधला ठरलेला प्रोजेक्ट घेत असेल, तर एजंटला वाटेल की आपण सगळ्या अकाउंटची यादी पाहिली, आणि प्रत्यक्षात त्याने एकच प्रोजेक्ट पाहिलेला असेल. हे एक वाक्य टूलच्या वर्णनातही गेले पाहिजे.

प्रकारांच्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण मॉडेलने अनेक प्लॅटफॉर्मबद्दल वाचलेले असते आणि त्यांची परिभाषा एकमेकींशी जुळत नाही. गिटलॅबमध्ये पाइपलाइन म्हणजे प्रत्यक्ष चाललेली एक फेरी. अझ्युर पाइपलाइन्समध्ये पाइपलाइन म्हणजे व्याख्या, आणि तिच्या फेरीला रन म्हणतात. गिटहब ॲक्शन्समध्ये व्याख्येला वर्कफ्लो आणि फेरीला वर्कफ्लो रन. तुमच्या टूलमध्ये ‘पाइपलाइन’ या प्रकाराची यादी मागितल्यावर व्याख्या येतात की फेऱ्या, हे लिहिले नाही, तर ‘आज किती पाइपलाइन फेल झाल्या’ या प्रश्नावर एजंट भलतीच यादी मोजेल. प्रत्येक प्रकारासमोर एका ओळीची व्याख्या द्यावी, आणि लोक त्याच गोष्टीला दुसऱ्या कोणत्या नावांनी ओळखतात तेही नोंदवावे. टूल अशी पर्यायी नावे स्वीकारत असेल तर तसे, आणि स्वीकारत नसेल तर तसे, स्पष्ट म्हणावे.

पाचवी पायरी: पॅरामीटर

पॅरामीटरबद्दलची जितकी माहिती जेसन स्कीमामध्ये बसते तितकी तिथेच ठेवावी: ठरावीक किमतींची यादी, किमान आणि कमाल मर्यादा, कोणते पॅरामीटर आवश्यक आहेत. ‘डिफॉल्ट’ हा शब्द वापरताना सावध राहावे, कारण जेसन स्कीमामध्ये तो केवळ माहितीपर असतो. त्यामुळे किंमत आपोआप भरली जाईलच असे नाही. सर्व्हर ती खरोखर भरतो का हे चालवून पाहावे आणि मगच लिहावे.

फिल्टरबद्दल स्कीमा जे सांगू शकत नाही ते मजकुरात यायला हवे. नावाचा फिल्टर पूर्ण नाव जुळवतो, सुरुवात जुळवतो की मधला कोणताही भाग? इंग्रजीतल्या लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मानतो का? दोन फिल्टर दिले तर दोन्ही अटी पूर्ण करणारे रिसोर्स येतात की कोणतीही एक? वेळ आरएफसी ३३३९ च्या (तारीख-वेळ लिहिण्याच्या एका प्रमाणाच्या) पद्धतीने, टाइमझोनसह द्यायची, की युनिक्स काळानुसार (१ जानेवारी १९७० पासून मोजून), आणि तो सेकंदांत की मिलिसेकंदांत? सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यात हजारपटीचा फरक आहे, आणि तो चुकला तरी बरेच सर्व्हर एरर देत नाहीत, मुकाट्याने रिकामी यादी देतात. त्याचप्रमाणे अनोळखी फिल्टर आला तर टूल एरर देते की तो दुर्लक्षून सगळी यादी देते, हे तपासून लिहावे. दुसरी वागणूक अधिक धोक्याची आहे: एजंटने ‘फक्त प्रॉडक्शन’ असा फिल्टर चुकीच्या नावाने दिला, टूलने तो गाळला, आणि आलेली सगळीच नावे एजंटने प्रॉडक्शनची म्हणून वापरकर्त्याला सांगितली, असे घडू शकते.

सहावी पायरी: पाने

यादीच्या टूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पानांचा भाग सर्वांत काळजीपूर्वक लिहावा लागतो, कारण पहिल्या पानावर थांबून ‘एकूण इतके’ असे सांगणे ही एजंटची नेहमीची चूक आहे. त्या पानावरच्या संख्येला काही अर्थ नसतो. तो निव्वळ पानाचा आकार असतो. गिटहबचे रेस्ट एपीआय काही न सांगितल्यास बहुतेक याद्यांमध्ये एका पानावर ३० नोंदी देते, गिटलॅबचे २०, आणि दोन्हीकडे कमाल मर्यादा बहुधा १०० असते. तुमच्या टूलचे हे दोन्ही आकडे वर्णनातच द्यावेत. कमाल मर्यादेपेक्षा मोठा आकडा मागितल्यास एरर येते की आकडा गुपचूप कमी केला जातो, हेही सांगावे, कारण एजंटने ५०० मागितले आणि १०० मिळाले तर तो १०० लाच शेवट समजण्याची शक्यता मोठी असते.

पाने देण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत पानाचा क्रमांक द्यायचा असतो; इथे पहिले पान शून्य की एक, हे लिहिणे अनिवार्य आहे. या पद्धतीचा एक दोष असा, की एजंट पाने उलटत असताना नवे रन सुरू झाले तर यादी खाली सरकते आणि दुसऱ्या पानावर पहिल्याच पानाच्या शेवटच्या नोंदी पुन्हा येतात. मधल्या काळात काही नोंदी काढल्या गेल्या असतील तर उलट घडते आणि काही नोंदी दिसायच्याच राहतात. रनच्या यादीसाठी हे पानावर स्पष्ट लिहून, काळाची मर्यादा घालणारा फिल्टर वापरण्याचा सल्ला द्यावा.

दुसऱ्या पद्धतीत सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक टोकन देतो आणि पुढचे पान मागताना तो जसाच्या तसा परत द्यायचा असतो. या टोकनचा अर्थ लावू नये, तो स्वतः तयार करू नये आणि मध्येच फिल्टर बदलू नये, ही तीन बंधने एजंटसाठीच्या मजकुरात यायला हवीत. टोकनला आयुष्यही असते. कुबरनेटिसमध्ये तो फार जुना झाला की सर्व्हर ४१० हा कोड देतो आणि यादी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागू शकते. तुमच्याकडे असे काही होत असेल, तर त्या वेळी एजंटने काय करायचे ते लिहावे. नाहीतर तो तोच मेलेला टोकन पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

शेवटचे पान कसे ओळखायचे? गुगलच्या एपीआय रचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये यावर स्पष्ट भूमिका आहे: पुढच्या पानाचा टोकन रिकामा असणे हीच शेवटाची खूण, आणि मागितल्यापेक्षा कमी नोंदी आल्या, अगदी एकही आली नाही, तरी तेवढ्यावरून यादी संपली असे मानता येत नाही. परवानगीची तपासणी पान भरल्यानंतर होत असेल, तर मधले एखादे पान खरोखरच रिकामे येऊ शकते. तुमचा सर्व्हर कोणती खूण वापरतो ते एका वाक्यात, संदिग्धता न ठेवता लिहावे.

एकूण संख्येच्या फील्डबद्दलही असाच स्पष्टपणा हवा. गिटलॅबमध्ये नोंदी १०,००० पेक्षा अधिक असल्या की एकूण संख्येचे हेडर (उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ) दिले जात नाही. कुबरनेटिसमध्ये लेबलचा किंवा फील्डचा सिलेक्टर (निवडीची अट) लावला की उरलेल्या नोंदींचा आकडा रिकामा राहतो. एकूण संख्या फिल्टर लावण्याआधीची आहे की नंतरची, परवानगी नसलेल्या रिसोर्सची गणती तिच्यात होते का, आणि ती केव्हा गैरहजर असते, या तीन प्रश्नांची उत्तरे देता येत नसतील तर त्या फील्डवर विसंबू नये असेच एजंटला सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

जाता जाता: सर्व्हर आपल्या टूल्सची माहिती देतो तेव्हा एमसीपी स्वतः कर्सरच्या (टोकनसारख्याच खुणेच्या) आधाराने पाने करू शकते, पण त्याचा तुमच्या टूलने दिलेल्या यादीच्या पानांशी काहीही संबंध नाही. टूलच्या उत्तरातली पाने तुम्ही स्वतः बांधता आणि तुम्हालाच ती समजावून सांगावी लागतात.

सातवी पायरी: उत्तरातली फील्ड

प्रत्येक फील्डची व्याख्या देत बसण्याची गरज नाही. नावावरून उघड असलेली फील्ड तक्त्यात प्रकारासह नोंदवली की पुरे. लक्ष द्यायचे ते आयडी आणि दाखवण्याचे नाव यांच्या फरकाकडे. पुढच्या टूलला आयडी हवा असतो, वापरकर्ता मात्र नाव बोलतो; तेव्हा कोणते फील्ड पुढच्या कॉलमध्ये जसेच्या तसे जाते हे ठळक लिहावे. यादीत मोजकीच फील्ड येत असतील तर कोणती गाळली जातात तेही सांगावे, नाहीतर यादीत वर्णन दिसले नाही म्हणून एजंट ‘या सर्व्हिसला वर्णन दिलेले नाही’ असे सांगून मोकळा होतो. फील्ड अजिबात नसणे, ते रिकामे असणे आणि त्यात ‘नल’ असणे यांचा तुमच्याकडे वेगवेगळा अर्थ असेल तर तो नोंदवावा. सिक्रेटच्या यादीत फक्त नावे आणि इतर वरवरची माहिती येते, प्रत्यक्ष किंमत कधीच येत नाही, असे असेल तर ते शब्दांत मांडावे. माणसांच्या मनातली पहिली शंका तीच असते.

एमसीपीच्या जून २०२५ च्या आवृत्तीपासून टूलला उत्तराचाही स्कीमा जाहीर करता येतो. तो दिला असेल तर फील्डचा तक्ता हाताने न लिहिता त्याच्यावरूनच तयार करून घ्यावा.

आठवी पायरी: रिकामी यादी आणि एरर

रिकाम्या यादीमागे निदान चार कारणे असू शकतात: असे रिसोर्स खरोखरच नाहीत, स्तर चुकला, फिल्टर जास्त कडक झाला, किंवा परवानगी नाही. ही चारही कारणे, आणि प्रत्येकाची शहानिशा करण्यासाठी पुढची कॉल कोणती करावी, हे मानवी पानावर सविस्तर आणि टूलच्या वर्णनात एका वाक्यात असावे. एजंटसाठीचे वाक्य साधारण असे: ‘रिकामी यादी म्हणजे रिसोर्स अस्तित्वात नाही असे नव्हे, फिल्टर काढून आणि वरच्या स्तरावर पुन्हा पाहा, आणि तरीही काही न मिळाल्यास आपल्याला दिसणाऱ्या रिसोर्समध्ये ते नाही असेच सांगा.’ शेवटचा तुकडा लिहायला कंटाळा करू नये. एजंटने वापरकर्त्याला कोणत्या शब्दांत उत्तर द्यावे याची मर्यादा त्यानेच घातली जाते.

परवानगी नसताना काय परत येते यातही एकवाक्यता नाही. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही आणि ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही, हा सर्वसाधारण संकेत आहे. पण खासगी रिपॉझिटरी (कोडचा साठा) अस्तित्वात आहे हेसुद्धा उघड होऊ नये म्हणून गिटहब तिथे ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’, देते. तुमचा प्लॅटफॉर्म असे करत असेल तर ‘सापडले नाही’ या एररचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही लिहावे लागतात. विनंत्यांची मर्यादा ओलांडल्यावर ४२९ येत असेल, तर किती थांबायचे हे एजंटला कुठून कळते तेही नोंदवावे.

एमसीपीमध्ये चूक दोन वाटांनी कळवली जाते. टूलचे नावच चुकले किंवा विनंतीची रचना बिघडलेली असली तर प्रोटोकॉलच्या पातळीवरची एरर जाते. टूल चालताना अडचण आली तर ती नेहमीच्या उत्तरातच, ‘ही एरर आहे’ अशा खुणेसह दिली जाते, म्हणजे मॉडेलला ती वाचून स्वतःची कॉल सुधारता येते. म्हणून एररचा मजकूर हादेखील डॉक्युमेंटेशनचाच भाग समजावा आणि तो लिहिण्याचे काम तुमच्याकडे मागून घ्यावे. ‘अवैध विनंती’ यापेक्षा ‘रिसोर्सचा प्रकार ओळखता आला नाही, स्वीकारले जाणारे प्रकार असे आहेत’ असे सांगून पुढे यादी देणारी एरर एजंटला पुढच्याच प्रयत्नात मार्गावर आणते.

नववी पायरी: सुरक्षिततेच्या नोंदी

यादी देणारे टूल काही बदलत नाही, म्हणून त्यावर ‘फक्त वाचणारे’ अशी खूण करता येते. टूलवरच्या अशा खुणांची सोय एमसीपीमध्ये मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून आहे. मात्र या खुणा म्हणजे केवळ इशारे असतात, आणि सर्व्हर विश्वासातला नसेल तर क्लायंटने त्यांवर विसंबू नये असे प्रोटोकॉलच सांगतो. त्यामुळे मानवी पानावर खरे संरक्षण कशाने मिळते ते लिहावे: सर्व्हरला दिलेल्या खात्याच्या परवानग्या किमान ठेवणे.

दुसरा धोका यादीच्या आतच असतो. रिसोर्सची नावे, वर्णने, टॅग, ब्रँचची नावे, कमिटचे (कोडमधल्या बदलाच्या नोंदीचे) संदेश हे सगळे कुणीतरी दुसऱ्याने लिहिलेले असते, आणि त्यात एजंटला उद्देशून सूचना पेरून ठेवता येते. कोणती फील्ड अशा बाहेरच्या मजकुराची आहेत हे तक्त्यात वेगळे दाखवावे आणि तो मजकूर आज्ञा म्हणून नव्हे तर केवळ माहिती म्हणून वाचावा, असे वर्णनात म्हणावे. एवढ्याने धोका पूर्ण टळत नाही, पण सर्व्हर बसवणाऱ्याला तो कुठे आहे ते तरी कळते. उदाहरणांत खऱ्या अकाउंटचे आयडी, प्रवेशाचे टोकन किंवा अंतर्गत पत्ते येऊ देऊ नयेत, हे सांगायला नको. तरी कच्च्या उत्तरांतून उदाहरणे उचलताना ते पुन्हा एकदा तपासावे.

दहावी पायरी: मजकुराची परीक्षा घ्या

लिहून झाल्यावर एका एजंटला फक्त टूलचे वर्णन आणि स्कीमा द्यावे, मानवी पान देऊ नये, आणि प्रत्यक्ष वापरकर्ते विचारतील तसे प्रश्न विचारावेत. प्रश्न मुद्दाम अवघड निवडावेत: एका पानात न मावणारी मोजणी, चुकीच्या स्तरावरचा कनेक्टर, अस्तित्वात नसलेली सर्व्हिस, परवानगी नसलेला प्रोजेक्ट, दुसऱ्या प्लॅटफॉर्मच्या परिभाषेत विचारलेला प्रश्न. एजंटने दिलेल्या उत्तरापेक्षा त्याने केलेल्या कॉल पाहाव्यात, कारण चुकीच्या वाटेनेही कधी कधी बरोबर उत्तर निघते. एखाद्या प्रश्नावर तो अडखळला तर वर्णनात नवे वाक्य घालण्याआधी आहे ते वाक्य दुरुस्त करता येते का ते पाहावे. सूचना वाढत गेल्या की महत्त्वाच्या सूचना गर्दीत हरवतात. मॉडेल बदलले की वागणूकही बदलते, म्हणून हे प्रश्न आणि अपेक्षित कॉल कोडसोबतच रिपॉझिटरीमध्ये ठेवून प्रत्येक बदलानंतर चालवावेत.

टूलमध्ये रिसोर्सचा नवा प्रकार आला, एखादे नाव बदलले किंवा पानाची कमाल मर्यादा कमी झाली, तर वर्णन, तक्ता आणि एररचा मजकूर या तिन्ही ठिकाणी एकाच कमिटमध्ये बदल व्हावा असा नियम टीमकडून मान्य करून घ्यावा. जुने नाव लगेच काढून टाकायचे नसेल, तर ते किती काळ स्वीकारले जाईल आणि त्यानंतर ते वापरल्यास कोणती एरर येईल हे तक्त्यात त्या नावासमोरच लिहून ठेवावे, कारण लोकांनी आपापल्या एजंटसाठी लिहून ठेवलेल्या सूचनांमध्ये ते जुने नाव बराच काळ टिकून राहते.